बाईसाहेबांची भिंत

काका गेले ते गेल्या शिमग्यानंतर. बाराव्याला आलेल्या एका पाहुण्यांनी मला कोपऱ्यात घेऊन हळूच विचारलं, "आणि आता त्या गोऱ्या बाईचं काय?" माणूस जाऊन पुरते दोन आठवडे झाले नव्हते आणि चौकशी कुणाची, तर चित्रातल्या बाईची. पण मला राग आला नाही. काकांना स्वतःला हा प्रश्न अगदी वेळेवर विचारलेला वाटला असता.

काका म्हणजे आमच्या समोरच्या दारातले. नात्याचे नव्हेत. मुलुंड पूर्वेला आमची जुनी बिल्डिंग होती, तीन मजल्यांची, लिफ्ट नसलेली. तिसऱ्या मजल्यावर त्यांचं दार आणि आमचं दार इतकं समोरासमोर की दोन्ही उघडी असली की आमचा टीव्ही काकू त्यांच्या स्वयंपाकघरातून बघायच्या. काकांचं गाव मालवणकडचं, वडील गिरणीत, आणि ते स्वतः फोर्टातल्या एका साहेबी कंपनीच्या रेकॉर्ड रूममध्ये. अंगानं काटकुळे, घरात लेंगा आणि भोकं पडलेली गंजी. आणि या माणसाच्या हॉलमध्ये, सोफ्याच्या वर, जवळजवळ छतापर्यंत पोचलेल्या सोनेरी चौकटीत अठराव्या शतकातली एक विलायती बाई बसलेली होती. काका तिला 'बाईसाहेब' म्हणायचे. आपल्या सख्ख्या आईला ते 'अगे' म्हणायचे, पण हिला बाईसाहेब.

बाईंचं वर्णन करायलाच हवं. केस वर उचलून, पावडर फासून, त्यांचा मोठा डोलारा उभा केलेला आणि त्यात दोन पांढरी पिसं खोचलेली. गळ्यात काळी फीत. आभाळी सॅटिनचा झगा, कोपरापाशी लेसच्या झालरी, आणि कंबर इतकी आवळलेली की आमची आई म्हणायची, "ही जेवते कशी?" एका हातात मिटलेला पंखा. मांडीवर एक इवलंसं कुत्रं, त्याचा चेहरा बाईपेक्षा शहाणा. झग्याच्या गळ्याबद्दल बिल्डिंगमधल्या बायकांनी आजवर इतकं बोलून ठेवलंय की मी त्यात भर घालत नाही.

ही बाई घरात आली ती कपाटाच्या जागी. कंपनीनं फोर्टातलं ऑफिस बंद केलं तेव्हा जुनं सामान नोकरमाणसांना स्वस्तात काढलं. काकूंना साड्यांसाठी लोखंडी कपाट हवं होतं. सकाळी डबा देताना त्यांनी दोनदा बजावलं होतं, आरशाचं आणा म्हणून. संध्याकाळी टेम्पो आला. नवी वस्तू घरात यायची म्हणून काकू हळदकुंकवाचं ताट घेऊन खाली उभ्या, शेजारीण म्हणून माझी आई उभी, आणि शाळेच्या गणवेशात मी. ताडपत्री निघाली आणि आतून बाई निघाली.

"कपाट खंय?" काकूंनी विचारलं.

"कपाटं काय, कुठेही मिळतात," काका म्हणाले.

काकू पुढे काही बोलल्या नाहीत. पण ताट हातात होतं, रस्त्यावरची माणसं बघत होती, तेव्हा त्यांनी चौकटीला हळदकुंकू लावलं, अक्षता टाकल्या आणि बाईला वर घेतलं. जिना चढताना त्या आईला म्हणाल्या, "सवतीला पण अशीच ओवाळतात काय हो वहिनी?" आई हसली. ही गोष्ट आईनं पुढे बिल्डिंगभर सांगितली आणि बिल्डिंग हसली. मीसुद्धा बरीच वर्षं हसलो.

बाईसाहेबांबरोबर घरात नियम आले. तळण बंद, कारण तेलाचा धूर वार्निशवर बसतो. मालवणी घरात तळण बंद म्हणजे काय ते मालवणी माणसालाच कळेल. काकू हळद-तिखट लावलेली बांगड्याची ताटली घेऊन आमच्याकडे यायच्या, आमच्या तव्यावर तळायच्या आणि झाकून परत न्यायच्या. काका ते बांगडे बाईसाहेबांकडे पाठ करून खायचे. उदबत्ती बंद, म्हणून देव स्वयंपाकघरात गेले. ट्यूबलाइट बंद, कारण रंग उडतात. एक मंद पिवळा दिवा तेवढा असायचा आणि त्यात पेपर वाचता यायचा नाही, तेव्हा वाचायलाही माणसं आत स्वयंपाकघरात. बाईसाहेबांसमोर आवाज चढवायचा नाही. भांडायचं झालं तर काका काकूंना जिन्यात बोलवायचे, "जरा बाहेर ये" म्हणून, आणि मग आमच्या दारात उभे राहून मनसोक्त भांडायचे. थोडक्यात हॉल बाईसाहेबांचा आणि स्वयंपाकघर काकूंचं, अशी वाटणी झाली.

ती कोण होती, हे काकांना ठाऊक नव्हतं. पण ठाऊक नसल्यामुळे काकांचं कधीच काही अडलं नाही. पोस्टमनला ती गव्हर्नरची मेहुणी म्हणून सांगितलेली, गॅसवाल्याला फ्रेंच सरदाराची विधवा. माझ्या आईला ते एकदा म्हणाले की ती फार सोशिक होती. आई म्हणाली, "तोंडावरून वाटत नाय हो भावजी." कुणाच्या तरी ओळखीनं चित्रकला शिकवणारे एक सर येऊन बघून गेले. केसांवरून आणि बाह्यांवरून अठराव्या शतकाचा शेवटचा भाग वाटतो, बाकी कुणी काढलंय, अस्सल की नक्कल, बाई कोण, काही सांगता येत नाही, असं ते म्हणाले. काकांनी त्यातलं पहिलं वाक्य उचललं आणि बाकीच्याला चहा पाजून वाटेला लावलं.

तेव्हापासून अठरावं शतक काकांच्या मालकीचं झालं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये टाकी साफ करायचा विषय निघाला की काका उठायचे, "अठराव्या शतकात लोक आंघोळच करत नव्हते. काही अडलं का त्यांचं?" पार्किंगवरून हाणामारीची पाळी आली की, "अठराव्या शतकात इथे मिठागरं होती, कुणी कुठेही उभं राहावं." पहिल्या मजल्यावरच्या पोरीनं केस निळे केले तेव्हा सगळी बिल्डिंग नाकं मुरडत होती. एकटे काका म्हणाले, "पिसं लावली असती तर अजून शोभलं असतं." त्या पोरीनं काकांना कायमचं देव मानलं.

गणपतीत तर कहर. काकांकडे दीड दिवसाचा गणपती. मखर बाईसाहेबांच्या समोरच्या भिंतीला, कारण दुसरी जागाच नाही. लोक यायचे, गणपतीला हात जोडायचे, आणि मोदक घेऊन जे वळायचे ते गणपतीकडे पाठ करून बसायचे. एका वर्षी काकूंनी लाजेकाजेस्तव बाईंच्या गळ्यावर आपली जरीची ओढणी टाकली. काकांनी ती काढली, घडी करून काकूंच्या हातात दिली आणि म्हणाले, "गणपतीला चालतंय, तुला काय होतंय?"

काकांच्या मुलीला बघायला पाहुणे आले तेव्हाची गोष्ट तर मी डोळ्यांनी बघितलेली. मुलाची आई पोहे खाताना चित्रावरून नजर काढेना. शेवटी म्हणाली, "या तुमच्या कोण?" इथे कुणीही शहाणा माणूस म्हणाला असता की नुसतं चित्र आहे. काका म्हणाले, "आमच्या घरातल्याच." पाहुणे गेले ते गेलेच. आपल्याकडे लोक चार पिढ्यांचं गाव आणि कुळी विचारतात, आणि इथे भिंतीवर अख्खी मड्डम निघाली. पुढे त्या मुलीनं आपलं आपण जमवलं आणि ती पुण्याला गेली. लग्न तिनं हॉल घेऊन केलं, घरी काही ठेवलं नाही.

आता मुद्द्यावर येतो, कारण इथपर्यंत मीही काकांना एक नमुना म्हणून झेलत होतो.

बिल्डिंग जुनी झाली, गच्ची गळायला लागली आणि रिडेव्हलपमेंटचं वारं आलं. लग्न न झालेला माणूस सेक्रेटरी म्हणून बरा, असं सोसायटीचं मत पडलं आणि ते लचांड माझ्या गळ्यात आलं. मी ते घेतलं ते फक्त आईसाठी. आईचे दोन्ही गुडघे गेलेले. तीन मजले उतरणं तिला जमेना, आणि उतरलीच तर चढणं जमेना, तेव्हा तिनं उतरणंच सोडलं. भाजीवाला खालून ओरडायचा, आई वरून पिशवी सोडायची. एकदा डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायला वॉचमन आणि मी तिला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून खाली उतरवलं. प्रत्येक मजल्यावर दारं उघडी, बायका उभ्या, "सांभाळून रे, सांभाळून". आई खुर्चीत डोळे मिटून बसली होती. परत आल्यावर म्हणाली, "मला परत असं नको नेऊस. माझी अशी वरात नको." त्या दिवशी ती रडली आणि मीही जिन्यात जाऊन रडलो. मला लिफ्ट हवी होती. टॉवर, जिम, पोडियम गार्डन, काही नको. आईला घेऊन खाली जाणारा एक डबा हवा होता.

बाकी सगळ्यांनी झटपट सह्या केल्या. कुणी अॅग्रीमेंट वाचलं नाही. मागण्या एवढ्याच होत्या की सोसायटीच्या नावापुढे 'हाइट्स' लागलं पाहिजे आणि वॉचमनला टोपी पाहिजे. बिल्डर म्हणाला, शेवटची सही होईपर्यंत मी कुदळ मारणार नाही. आणि शेवटची सही अडली काकांपाशी.

"भिंत कुठंय?" काका म्हणाले.

बिल्डरनं आम्हाला वांद्र्याच्या ऑफिसात नमुन्याचा फ्लॅट बघायला नेलं. सगळे जण नळ सोडून बघत होते, फ्लश ओढून बघत होते. काका मोजपट्टी घेऊन बोटानं भिंती वाजवत फिरत होते. ही भिंत नाही, कपाट आहे. ही भिंत नाही, काच आहे. ही आहे, पण मागे बाथरूम, ओल येणार. ही पश्चिमेची, दुपारचं ऊन येणार. ही बरी होती, तर मध्येच एसीचं भोक. बिल्डरचा माणूस, केसांना जेल लावलेला एक तरुण पोरगा, मागे मागे फिरून सांगत होता, "सर, आजकाल लोकांना ओपन फील हवा असतो." काका म्हणाले, "मग खांब उभे करून द्या की नुसते. भिंतींचे पैसे कशाला घेता?" खरं सांगतो, तेव्हा मला हसू आलं. त्यांचं चुकत नव्हतं. एवढ्या महागड्या घरात एक बाई टांगायला जागा नव्हती, आणि ते आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

पण हसू टिकलं नाही. महिने जायला लागले. आई दर रविवारी विचारायची, "केली का रे सही भावजींनी?" मी नाही म्हणायचो, ती "बरं" म्हणायची. तिच्या त्या 'बरं'नं माझी तळपायाची आग मस्तकात जायची.

मग जेलवाल्या पोरानं आपलं डोकं लावलं. त्याला वॉचमननं सांगितलं होतं की काकांच्या घरात एका बाईची मोठी तसबीर आहे आणि काका तिच्या शब्दाबाहेर नाहीत. पोरगा संस्कारी घरचा. त्यानं हिशेब केला, तसबीर आहे म्हणजे गेलेली आई. एका सकाळी तो चंदनाचा हार, नारळ आणि पेढे घेऊन आला. काका आंघोळीला गेलेले. काकूंनी दार उघडलं. बाईसाहेबांना बघून पोरगा क्षणभर दचकला असणार, पण धंद्यात दचकून चालत नाही. सोफ्यावर चढून त्यानं तो हार पिसांवरून अडकवला, गंध उगाळून आणलेलं होतं ते बोटानं कपाळाला लावलं, आणि खाली उतरून डोळे मिटून नमस्कार केला. काकूंनी त्याला अडवलं नाही. आमच्या दारातून मी बघत होतो, मीही अडवलं नाही.

काका पंचा गुंडाळून बाहेर आले. बाईसाहेबांसमोर आवाज चढवायचा नाही हा नियम त्या दिवशीही त्यांनी पाळला. अगदी हळू आवाजात ते म्हणाले, "तो काढा आधी."

"सर, म्हटलं आईंचे आशीर्वाद घ्यावेत."

"हार मेलेल्या माणसांना घालतात."

पोरगा चित्राकडे बघायला लागला. "म्हणजे या... आहेत?"

"तुमच्या टॉवरपेक्षा टिकतील," काका म्हणाले.

हार निघाला, पण गंधाचा ठिपका निघेना. काका ओल्या पंच्यानिशी सोफ्यावर उभे राहून तो पुसणार, तेवढ्यात काकू म्हणाल्या, "असू दे. इतकी वर्षं मोकळ्या कपाळानं वावरली घरात." त्यावर काकांनी त्यांना जिन्यात बोलावलं. आणि त्या दिवसापासून त्यांनी मीटिंगला येणं, फोन उचलणं, सगळंच बंद केलं.

मी एकदा जिन्यात त्यांना गाठलंच. म्हटलं, "काका, एका चित्रासाठी माझी आई वर कोंडून पडलीय. लाज वाटत नाही?" ते एक पायरी खाली उतरले. मग म्हणाले, "तुझ्या आईला लिफ्ट पाहिजे, ती तू मागतोस. बाईसाहेबांना भिंत पाहिजे. त्यांचं कोण मागणार?" मी दार आपटून आत गेलो. अशा माणसाशी काय बोलणार? कपाळ आपटायचं तर त्यालाही भिंतच लागते.

शेवटी बिल्डरच्या आर्किटेक्टनं तोड काढली. नव्या फ्लॅटमध्ये हॉलच्या टोकाला ओपन किचन होतं आणि किचनच्या ओट्यावर पूर्वेची मोठी खिडकी. ती खिडकी बुजवायची, किचन आत पॅसेजमध्ये सरकवायचं, तिथे धूर ओढायला पंखा लावायचा. हॉलला मिळाली अख्खी भिंत. ऊन नाही, ओल नाही, मध्ये भोक नाही. काकांनी नकाशावर बोट फिरवलं, मोजपट्टी लावली आणि म्हणाले, "जमेल."

त्या दिवशी मी आईला उचलूनच घ्यायचा बाकी राहिलो होतो.

सह्या आमच्या घरी ठरल्या, कारण आईला बघायचं होतं. पेढे आले. कमिटीचे लोक आले. जेलवाला पोरगा आला, त्यानं लांबूनच काकांना नमस्कार केला. काकांनी चष्मा लावून एकेका पानावर सही केली, शेवटच्या पानावर तारीख टाकली. मी टाळी वाजवायला हात उचलले, तर पोरगा म्हणाला, "सर, मॅडमची पण लागेल. फ्लॅट दोघांच्या नावावर आहे."

आम्ही सगळे विसरलो होतो. जुनं घर घेतलं तेव्हा काकू बालवाडीत शिकवायच्या, त्यांचाही पगार दाखवून घराचं कर्ज मिळालं होतं. काकूंना समोरून बोलावलं. त्या पदराला हात पुसत आल्या. काकांनी पेन पुढे केलं. "इथे कर."

काकूंनी पेन घेतलं नाही. नकाशा उचलला. आम्हाला वाटलं त्यांना काय कळणार आहे त्यातलं, म्हणून पोरगा पुढे होऊन समजावायला लागला की मॅडम, हा हॉल, ही भिंत, हे तुमचं किचन. काकूंनी त्याला विचारलं, "आणि खिडकी?"

"खिडकी नाही मॅडम, पण एक्झॉस्ट आहे ना. एकदम पॉवरफुल."

"मग मी नाय करणार सही."

बिल्डरच्या माणसांना वाटलं, ही काही नवी मागणी आहे, अजून काहीतरी फुटांचा प्रश्न आहे. कमिटीतले एक जण म्हणाले, "काकू, एवढं जमत आलंय, आता तुम्ही कशाला?" त्या 'तुम्ही कशाला'वर काकूंचा बांध फुटला. ओरडल्या नाहीत. मालवणीवर आल्या तेवढ्या.

"मी कित्या नको? हॉल तिचा. उजेड नाय, तळण नाय, देव पण माझ्याबरोबर आत. मी काय बोलले? मी त्या खिडकीत उभी राहून दिवस काढले. खाली रस्ता होता, माणसं होती, म्हणून. आता ती पण बुजवा. माका खिडकी व्हयी. नायतर सही नाय."

मी काकूंकडे बघत होतो आणि मला माझ्याच आईचं तोंड दिसत होतं. एक बाई जिन्यावरून उतरू शकत नव्हती म्हणून मी वर्षभर जग डोक्यावर घेतलं होतं. आणि समोरच्या दारात दुसरी बाई मोकळ्या पायांनी आत कोंडलेली होती, तिच्यावर आम्ही विनोद करत होतो. आईनं मात्र खुर्चीतून हात लांब केला आणि काकूंचा हात धरला. आईला लिफ्ट हवी होती सगळ्यांत जास्त. तरी ती म्हणाली, "नको करूस सही."

झालं, वाट लागली, म्हटलं. आता दोघांपैकी एक जण हटेपर्यंत माझी आई वरच.

काकांनी नकाशा पुन्हा पुढ्यात ओढला. मोजपट्टी त्यांच्या मांडीवर होती. ती त्यांनी खिशात टाकली. मग कागद पोराकडे सरकवून म्हणाले, "खिडकी राहू दे."

"सर, मग भिंत नाही मिळणार. मी आधीच सांगतो, नंतर प्रॉब्लेम नको."

"बाईसाहेबांना उजेड चालत नाही," काका म्हणाले. "हिला लागतो."

एवढंच. चार माणसांत बायकोला काय लागतं ते या माणसानं मोठ्यानं सांगितलेलं मी तरी पहिल्यांदाच ऐकलं. काकूंनीही पहिल्यांदाच ऐकलं असावं, कारण त्या सही करायच्या सोडून त्यांच्याकडेच बघत राहिल्या. शेवटी आईनं त्यांच्या हातात पेन दिलं.

मग प्रश्न उरला बाईसाहेबांचा. कुणी म्हणालं म्युझियमला द्या, कुणी म्हणालं जुन्या बाजारात विका. आणि आमच्या मातोश्री, लिफ्ट मिळाल्याच्या आनंदात, मला न विचारता म्हणाल्या, "आमच्याकडे आणा हो भावजी. आमच्या नकाशात टीव्हीची भिंत अख्खी आहे की." माझ्या घशात पेढा अडकला.

अशा रीतीनं ती बया आमच्या घरी आली. बांधकामाची वर्षं आम्ही सगळे भाड्याच्या घरांत पांगलो होतो, तेव्हा ती काकांच्या पलंगामागे गोधडीत गुंडाळलेली होती. नव्या बिल्डिंगमध्ये ती आमच्या हॉलमध्ये लागली आणि टीव्ही माझ्या बेडरूममध्ये गेला. नियम मात्र एकही लागला नाही, कारण आईपुढे अठराव्या शतकाचं काही चालत नाही. ट्यूब लावलेली, उदबत्ती लावलेली, आणि ओपन किचनमध्ये सुरमई चरचरतेय. काका पहिल्यांदा हे बघून भिंतीला टेकले. आई म्हणाली, "एवढी वर्षं टिकलीय ना? माझ्या सुरमईनं काय होतंय तिला." आणि काही झालंही नाही. कपाळावरचा गंधाचा ठिपका तसाच आहे, नाकावरची मिजास तशीच आहे. आई रोज संध्याकाळी लिफ्टनं खाली जाते, बाकावर बायकांत बसते, आणि नव्या बिल्डिंगमधल्या लोकांना सांगते की आमच्याकडे गव्हर्नरची मेहुणी असते.

सुरुवातीला काका रोज यायचे. दाराशी चपला काढून, शर्ट घालून, भेटीला आल्यासारखे. खुर्ची घेऊन समोर बसायचे, चहा घ्यायचे, जाताना मान लववायचे. मग दिवसाआड यायला लागले. मग रविवारचे. मग रविवारही चुकायला लागले, आणि मला काळजी वाटली की यांची तब्येत बिघडली की काय, म्हणून मी बघायला गेलो.

दार उघडंच होतं. ओट्यावरच्या मोठ्या खिडकीशी दोन स्टुलं लावलेली. एकावर काकू लसूण सोलत बसलेल्या, दुसऱ्यावर काका, चष्मा कपाळावर, खाली रस्त्याकडे बघत. हॉल लख्ख उजळलेला. कढईत काहीतरी तळत होतं आणि काकांना त्याचं भान नव्हतं.

"काका, हल्ली येत नाही भेटायला. बाईसाहेब विचारत होत्या," मी म्हणालो.

"अरे, इथून काय काय दिसतं बघ," काका म्हणाले. "तो इस्त्रीवाला दिवसभर कुणाशी बोलत नाही, पण त्या शाळेच्या बसमधली बाई उतरली की कपडे सोडून उभा राहतो. त्या कोपऱ्यावरच्या म्हातारीचं भाजीवाल्याशी रोज भांडण, आणि रोज भाजी त्याच्याकडूनच. एवढं सगळं चालू असतं खाली. मला हिनं इतक्या वर्षांत कधी सांगितलंच नाही रे."

काकूंनी लसणाचं टरफल फुंकून उडवलं. "विचारलंत कधी?"

काकांनी मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. पेपर वाचताना बघावं तसं नव्हे, अगदी नीट. मग पुन्हा खिडकीकडे वळून त्यांनी बोट दाखवलं.

"तो निळ्या शर्टवाला. तो रोज तिथे उभा असतो. कुणाची वाट बघतो?"

काकूंनी ताट बाजूला ठेवलं आणि सांगायला लागल्या.